ताकदीच्या गोळ्या

सुक्या बोंबलाच्या डब्यात बुरशी शिरली असेल तर मला ती झाकण उघडताच कळायची. डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळायची. ओलसर, जुन्या गोणपाटासारखा वास असतो तो. मुरुडच्या आमच्या कोळीवाड्यात मी पंचवीस वर्षं सुकी मासळी विकली. बोंबील, जवळा, सोडे. एवढ्या वर्षांत माझ्या डब्यातून बुरशीचा एक ठिपका कुणाच्या घरी गेला नाही. पावसाळ्यात ऊन जरा डोकावलं की हातातलं काम टाकून मी डबे अंगणात काढायची. शेजारच्या हिराकाकी हसायच्या, म्हणायच्या, "पोरीला पन येवडी जपली न्हाय ही."

हे आधी सांगते, कारण पुढं ती बुरशी माझ्याच गालात शिरली. उजव्या बाजूचा वरचा जबडा, त्यातले दात आणि अर्धी टाळू मुंबईच्या डॉक्टरांनी काढून टाकली. आता तिथं गुलाबी प्लास्टिकची प्लेट बसते. ती काढली की मी बोललेलं कुणाला कळत नाही आणि प्यालेला चहा नाकातून खाली येतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, लिहून काढा, तुमच्या मागून येणाऱ्यांना उपयोग होईल. मी दहावी झालेली बाई, लिहायची सवय हिशेबाच्या वहीपुरती. पण सांगायचं खूप आहे आणि बोलताना अजून दम लागतो, म्हणून लिहिते. एक गोष्ट मात्र ठरवून करणार आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. इथं घेणार आहे, आणि अहोजाहोसुद्धा करणार नाही. त्याचं नाव दामोदर.

ताप

जूनच्या शेवटी ताप आला. होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी झाकून ठेवलेल्या होत्या. समुद्र बंद, माणसं घरात. करोना गेला म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी मला चुलीपासून मोरीपर्यंत जाताना मध्ये बसावं लागलं, तेव्हा दामोदर घाबरला. अलिबागला नेलं. साथीचा फ्लू आहे आणि तो फुप्फुसात उतरलाय, असं तिथले डॉक्टर म्हणाले. अकरा दिवस ठेवलं. त्यातले चार दिवस तोंडावर घट्ट मुखवटा बांधून मशीननं हवा आत ढकलत होते. त्या चार दिवसांत दामोदर बाहेरच्या बाकावरून हलला नाही. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

घरी आले ती काठीसारखी होऊन. वास गेला होता. डब्यात नाक घातलं तरी काही नाही, भिंतीला नाक लावल्यासारखं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, दहा दिवसांच्या. कागद दामोदरकडे होता. आमच्याकडे महत्त्वाचे कागद एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात, होडीचं लायसन, विमा, सगळं. तो डबा त्याच्या ताब्यात.

गोळ्या संपल्या आणि मी पुन्हा झोपले. गुडघ्यांत जीव नाही, अन्न नको. तिसऱ्या दिवशी दामोदरनं नवी पट्टी आणली.

"ह्या कसल्या?" मी विचारलं.

"ताकदीच्या हाईत. डाक्टरनी वाढवल्यात."

आणि खरोखर ताकद आली. दोन दिवसांत मी उठून भाकऱ्या थापायला बसले. भूक तर अशी की ताटात काही उरू देईना. चेहरा भरला. हिराकाकी म्हणाल्या, "काय गो, रूप आलंय तुला." मला बरं वाटलं. तहान सारखी लागायची, लघवीला सारखं जावं लागायचं, पण एवढ्या मोठ्या आजारातून उठलेल्या माणसानं तहानेची काय तक्रार करायची. मी गोळ्यांचं नाव एकदाही वाचलं नाही. वाचता येतं मला. नवरा देतोय म्हटल्यावर वाचायचं कशाला, असं वाटलं.

नारळ

आमच्या घरची एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली की समुद्रात सोडायचा नारळ घरच्या बाईनं तांडेलाच्या हातात द्यायचा. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, आमच्याकडे तो दामोदर. ज्या वर्षी सासूबाई अंथरुणाला होत्या त्या वर्षी नारळ चुलतसासूनं दिला आणि त्याच हंगामात आमचं जाळं खडकात फाटून गेलं. दामोदर तेव्हा विशीत होता. ते त्याच्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही. या वर्षी तर होडीला नवं इंजिन होतं.

आता मागं वळून बघते तेव्हा सगळं सरळ दिसतं. त्याला मी पौर्णिमेपर्यंत उभी हवी होते.

पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधी तोंड धुताना उजवा गाल बधिर लागला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. मग त्याच बाजूची दाढ ठणकायला लागली. गावातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले, त्यानं दाढ काढली. खड्डा भरेना. गाल सुजला. दामोदरला म्हटलं, अलिबागला दाखवू या का? तो म्हणाला, "पुनव होऊ दे. दोन दिसांचा तर सवाल हाय." आणि हातावर गोळी ठेवली.

मी पदर गालावर ओढून बंदरावर उभी राहिले. नारळ त्याच्या हातात दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी माझी उजवी पापणी खाली आली आणि नाक शिंकरलं तेव्हा रुमालावर काळं आलं. अलिबागच्या डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता मुंबई.

बुरशी म्हटल्यावर मी हसले

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नाकात नळी घालून बघितलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्या वैशालीहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. वैशाली माझी मुलगी, तळे गावात लग्न करून दिलेली. बाईंनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काकी, तुमच्या नाकात आणि जबड्याच्या हाडात बुरशी वाढलीय."

मला हसू आलं. खरंच हसले. म्हटलं, बाई, मी सुकी मासळी विकते, बुरशी माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही. त्या हसल्या नाहीत. माझ्या बोटातलं रक्त तपासलं, साखर भयंकर वाढलेली निघाली. मग त्यांनी विचारलं, "अलिबागहून आल्यावर घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

दामोदर माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "न्हाय. कायच न्हाय."

मी म्हटलं, "ताकदीच्या चालू होत्या."

"त्या व्हिटॅमिनच्या," तो म्हणाला.

"नाव माहीत आहे? पट्टी आणून दाखवाल?"

"दाखवतो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारलं, तो म्हणाला, घरी राहिली. त्याच दिवशी माझा बीपी एवढा खाली गेला की ठरलेलं ऑपरेशन पुढं ढकललं. का गेला ते कुणाला कळेना. सलाईनवर सलाईन लावत होते. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "सांगितला ना, व्हिटॅमिन."

तिसऱ्या दिवशी वैशाली आली. येताना मुरुडला थांबून माझे कपडे घेऊन आली होती, आणि दवाखान्यात जुने कागद लागतील म्हणून तो बिस्किटाचा डबा आख्खाच उचलून आणला होता. तिनं तो बाईंच्या टेबलावर उघडला. होडीच्या लायसनखाली गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, रबर लावून नीट बांधलेल्या. त्याखाली अलिबागचा कागद. बाईंनी मोठ्यानं वाचला. दहा दिवस, रोज कमी करत, नंतर पूर्ण बंद. साखर तपासणे. "पूर्ण बंद"च्या खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

कागदावरची आणि पट्ट्यांवरची गोळी एकच होती, स्टेरॉइडची. फुप्फुसाची सूज उतरवायला थोडे दिवस देतात, आणि तेव्हा ती जीव वाचवते. मलाही वाचवलं असेल. पण जास्त दिवस घेतली तर अंगाची राखण करणारी ताकदच झोपते, साखर चढते, आणि एकदम थांबवली तर बीपी कोसळतो. माझा त्यानंच कोसळला होता. कारण कळल्यावर तासाभरात बाईंनी इलाज केला.

मी दामोदरकडे बघितलं. तो चपलेकडे बघत होता. एका गोष्टीपुरतं मी त्याला समजून घेऊ शकते. गोळी दिली, ती अडाणीपणानं दिली, मी उभी राहावी म्हणून दिली. पण तीनदा विचारलं तेव्हा मी समोर खाटेवर पडलेली होते. त्याला फक्त खरं सांगायचं होतं. त्या दोन दिवसांत बुरशी टाळूत उतरली. दोन दिवस आधी कापलं असतं तर टाळू वाचली असती का, हे बाई सांगत नाहीत. सांगता येत नाही म्हणतात. मी त्याबद्दल आता विचारायचं सोडलंय, पण मनातून गेलेलं नाही.

वॉर्ड

ऑपरेशननंतर पाटी हातात आली. तोंडात कापसाचा बोळा, बोलायचं नाही, जे काही असेल ते पाटीवर. बुरशीचं औषध रोज सलाईनमधून, बाटलीला काळा कागद गुंडाळून, तासन्‌तास चालायचं. ते सुरू झालं की अर्ध्या तासात थंडी भरायची. दात वाजायचे, म्हणजे उरलेले. एक सिस्टर होती, ती बाटली लावायच्या आधीच दोन ब्लँकेटं आणून एक पायावर, एक छातीवर घालायची आणि म्हणायची, "चला काकी, महाबळेश्वरला." मला अजून तिचं बोलणं आठवतं आणि बरं वाटतं.

शेजारच्या खाटेवर आली ती मुरुडचीच निघाली. मोहल्ल्यातली राबियाआपा. तिलाही तोच फ्लू झालेला, साखर जुनी, बुरशी डोळ्यापर्यंत गेलेली. तिचा डावा डोळा काढला होता. मला ओळखून ती उठून बसली.

"या खुदा! सोडेवाली ना तू? पंधरा वरसं तुझ्याकडचे सोडे न्हेते मी, ईदच्या पुलावाला."

मला आधी आनंद झाला आणि मग मी मनात हिशेब मांडला. एकाच गावच्या दोघी. दोघींना बुरशी. दोघींच्या घरात एकाच डब्यातली मासळी. त्यानंतर दोन दिवस मी तिच्या खाटेकडे पाठ करून पडून राहिले. शेवटी पाटीवर लिहिलं आणि डॉक्टरबाईंपुढं धरली. "माझ्या मासळीतून आली का? हिला मी दिली का?"

बाईंनी पाटी दोनदा वाचली. म्हणाल्या, "नाही काकी. ही बुरशी हवेत असते, मातीत असते. मी, तुम्ही, सगळे रोज श्वासात घेतो आणि काही होत नाही. तुमच्या अंगाची दारं उघडी पडली. आधी तो फ्लू, मग साखर, मग गोळ्या. यातलं नेमकं एकच कारण मी दाखवू शकणार नाही. पण मासळी नाही."

राबियाआपा म्हणाली, "हे इचारायसाठी दोन दिस तोंड फिरवलंस होय गं येडे?"

हे सगळं झालं तेव्हा दामोदर खाटेच्या पायथ्याशी होता. त्यानं शब्द न्‌ शब्द ऐकला. हे लक्षात ठेवा.

रिकामी फळी

सात आठवड्यांनी सोडलं. परतताना वैशालीनं मला बोटीनं मांडव्याला आणलं. वाऱ्यात तोंडाला पदर बांधून बसले होते. घरी गेल्यावर आधी मोरीत पाय धुतले आणि मासळीच्या खोलीत गेले. फळी रिकामी होती. अठरा डबे, एकही नाही.

पाटीवर लिहिलं, "डबे?"

दामोदर म्हणाला, "खराब झाले. टाकले."

खरं काय ते हिराकाकींनी सांगितलं, तेही दारात उभं राहून, आत न येता. मी मुंबईला असताना दामोदर मध्ये घरी येऊन गेला, तेव्हा वाड्यातल्या बायांनी विचारलं, हिला असलं काय झालं? त्यानं सांगितलं की डॉक्टर म्हणतात मासळीच्या बुरशीनं झालं. राबियाआपाचं कळल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. चार बायांनी तोंडाला फडकी बांधून माझे डबे वाळूत खड्डा करून पुरले. दामोदरनं खड्डा खणायला फावडं दिलं.

"आमी तरी काय करनार गो? तुजा नवराच बोल्ला," हिराकाकी म्हणाल्या. पंचवीस वर्षांची शेजारीण, माझ्या हातचा पाण्याचा तांब्या घ्यायला कचरत होती.

माझा जबडा गेला तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी रडले. आणि तोंडात टाळू नसली तर धड रडताही येत नाही, नुसती वाफ गेल्यासारखा आवाज येतो. दामोदर दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत होता. त्यानं आवाज वाढवला.

गोळ्यांचं सांगितलं असतं तर त्याला लोकांनी नावं ठेवली असती. तांडेल माणूस, त्याच्या शब्दावर सहा जण समुद्रात जातात. त्याची अब्रू राहावी म्हणून माझी वाळूत पुरली, इतकं हे साधं आहे. जबडा काढणाऱ्यांनी निदान माझी सही घेतली होती.

वर्षभर मी घरात स्वयंपाक केला, त्याला वाढलं आणि त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. प्लेट बसल्यावरसुद्धा नाही. प्लेट घालून बोलायला शिकावं लागतं. आरशासमोर बसून "बो" म्हणायचं, "बोंबील" म्हणायचं, मग मोठ्यानं हाळी द्यायची. आधी आवाज बाटलीत बोलल्यासारखा यायचा. राबियाआपा दर जुम्म्याला दुपारी यायची, समोर बसायची आणि एक डोळा बारीक करून म्हणायची, "समजलं न्हाय. पुन्ना." तिनं माझ्याकडे दोनदा सोडे मागितले. मी दिले नाहीत. म्हटलं, आधी माझं नाव साफ होऊ दे.

पुन्हा पौर्णिमा

श्रावणात दामोदर माझ्यासमोर येऊन बसला. "पुनव आली," म्हणाला. "नारळ देशील ना?"

तेव्हा मी त्याच्याशी वर्षानं बोलले. म्हटलं, "देईन. आधी तिथं बंदरावर सगळ्यांफुडं सांगायचं. गोळ्या कुणी दिल्या, आनि मासळीचं कुणी उठवलं."

तो जमिनीवर बोट फिरवत बसला. "मना लाज वाटंल," म्हणाला.

"मला वर्षभर वाटतीय," मी म्हटलं.

पौर्णिमेला होडी सजवलेली होती. इंजिनाला हार, पुढच्या टोकाला नाळेवर पताका. सगळा वाडा जमला होता. हिराकाकी, फावडं मारणाऱ्या चौघी, सहा खलाशी, आणि मागं वैशालीशेजारी राबियाआपा. पूजा झाली. दामोदरनं नारळासाठी हात पुढं केले. मी नारळ छातीशी धरून उभी राहिले. त्याचे हात तसेच राहिले. लोकांना वाटलं मी काही विसरले. हिराकाकी म्हणाल्या, "दे गो, भरती निघाली."

दामोदरनं माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून तो बोलला. बोलला हे खरं, मी शेजारी होते, मी ऐकलं. पण त्याचा आवाज त्याच्याच छातीपाशी राहिला. समुद्रात वाऱ्यावर हाक मारणारा माणूस, त्या दिवशी तीन हातांवर ऐकू जाईना.

मागून कुणीतरी ओरडलं, "काय बोल्ला? आयकलं न्हाय!"

तो पुन्हा बोलणार नाही हे मला दिसलं. मी प्लेट जिभेनं वर नीट दाबून बसवली, श्वास घेतला आणि ज्या आवाजात पंचवीस वर्षं बाजारात हाळी दिली त्यातला जेवढा उरलाय तेवढा सगळा काढला.

"गोळ्या ह्यांनी दिल्या," मी म्हटलं. "माजी मासळी साफ होती."